उन्हात सांगितलेली गोष्ट

भुताखेताचं मला कधी काय वाटलं नाय. नवरा गेला तेव्हा पोर काखेत होतं. भाईंदरच्या मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं, मग स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात तांबे-पेले पुसून बोटांची कातडी गेली. असल्या बाईला भूत काय करणार... पण हे झालं ते झालं. नात बोलली, आजी, ह्या ग्रुपवर लोक असलंच लिहितात, तू बोल, मी टाईप करते. सांगते. फक्त मध्ये कुणी तोडू नका. तोडण्यानेच सगळं झालंय.

आम्ही भाईंदरलाच गोडदेवला राहतो — मी, मुलगा, सून सुवर्णा आणि नात श्रुती. श्रुती मोबाईलवर एक क्लास करते. देशोदेशीच्या देवांच्या, राक्षसांच्या, जुन्या लोकांच्या गोष्टी शिकायच्या आणि आपल्या तोंडाने परत सांगायच्या. मी पण बाजूला भाजी निवडत ऐकायची. कुठल्या बर्फाच्या मुलखातली गोष्ट, पण सावत्र आई तिथेही तशीच.

एका रविवारी दुपारी श्रुती बोलली, आज घरातल्या मोठ्या माणसाने गोष्ट सांगायची आहे, तू सांग. मी बोलले, सांगते, पण दिवा लावल्यावर. दिवसाची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. आमच्या रत्नागिरीकडे सगळी पाळायची. मानायचं-बिनायचं काय नाय, पाळायचं.

ती हसायला लागली. "आजी, लोकांनी कामं टाकून गोष्टी ऐकत बसू नये म्हणून काढलंय ते. मॅडमनी शिकवलंय. आणि माझा मामा रिक्षावाला आहे, तो चुकला तर सगळं मीरा रोड चुकलं."

बसले मग मोबाईलसमोर. चौकोनाचौकोनात तोंडं. गोष्ट सुरू केली तर कुणी हूं म्हणेना. सगळे म्यूटवर म्हणे. हूं शिवाय गोष्ट म्हणजे भिंतीशी बोलणं... तरी सांगितली. माझ्या आईची गोष्ट.

एक भाऊ बहिणीच्या घरी निघाला, हातात तिच्यासाठी गजरा. वाटेत चिंच. चिंचेखाली म्हातारी, केस मोकळे. बोलली, बाळा, माझी वेणी घाल, मग वाट सोडते. हा बसला घालायला. घालतोय, घालतोय, केस संपेनात —

इथे मॅडम मध्ये बोलल्या. खूप छान आजी, वेळ संपतेय, तात्पर्य काय ते सांगा. अहो, तात्पर्य कसलं, भाऊ अजून चिंचेखाली आहे! मी तोंड उघडलं आणि मोबाईल काळा झाला. फुकटची मीटिंग असली की आपोआप बंद होते म्हणे.

श्रुतीला बोलले, बस, पुरी करते. अर्धी ठेवू नये. ती बोलली, नंतर गं, मामा जेवायला येतोय.

मामा म्हणजे संतोष, सुवर्णाचा भाऊ. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहतो. रविवारी आमच्याकडे जेवतो. शुगरवाला माणूस, घरून इन्सुलिनची सुई टोचून निघतो आणि आल्या आल्या ताटावर बसतो. त्याचा फोन आलेला, ताई, सुई घेतली, निघालो, भात काढून ठेव.

भात गार झाला. संतोष नाय. फोन वाजतोय, उचलत नाय. त्याची बायको बोलली, कधीचे निघाले. मुलगा बाईक घेऊन फिरला, स्टँडवरचे रिक्षावाले शोधायला गेले. सिल्व्हर पार्क ते गोडदेव, अंतर ते केवढंसं! सुई घेतलेला उपाशी माणूस कुठे पडला असेल...

सुवर्णा माझ्यावर आली. "आई, तुम्हाला माहीत होतं तर दिवसाची गोष्ट सांगितलीत कशाला?"

घ्या. सांगत नाय बोलले तेव्हा मी अडाणी. सांगितली तर मी वाईट. असा संताप आला. पण हरवलेला भाऊ तिचा, म्हणून गिळला.

ऊन उतरलं. दिवा लावला आणि श्रुतीला बोलले, बस इथे, हूं म्हण.

"माझा भाऊ सापडत नाय आणि तुम्हाला गोष्टी सुचतायत?" सुवर्णा बोलली.

"त्याच्यासाठीच," मी बोलले.

श्रुती बसली. आता हसत नव्हती. हूं, हूं करत राहिली. मी पुढचं सांगितलं. भावाने गजऱ्याचा दोरा काढला, वेणीला गाठ मारली आणि बोलला, आजी, बाकीची माझी बहीण घालील. म्हातारी बाजूला झाली, भाऊ बहिणीच्या दारात पोचला.

थोड्या वेळाने खाली रिक्षा थांबली.

संतोष घामाने भिजलेला. सुवर्णाने आधी त्याच्या तोंडात साखर घातली, मग भात. दम आल्यावर बोलला, "ताई, नाका दिसायचा, वळलो की परत तीच चिंच. खाली म्हातारी, केस सोडून. हात गुंतल्यासारखे झाले, फोन उचलता येईना. मग आपोआप तोंडातून आलं, बाकीची माझी बहीण घालील. आणि समोर तुमची बिल्डिंग."

श्रुतीने माझा हात धरला. तिने त्याला काय सांगितलं नव्हतं. कुणीच नाय. शेवट तर क्लासलासुद्धा कळला नव्हता.

डॉक्टर बोलले, शुगर उतरली की माणूस काहीही बघतो. बघत असेल. पण त्या रस्त्याला चिंच नाय. आणि रिक्षावाल्याच्या हाताला खोबरेल तेलाचा वास? सुवर्णाने स्वतः घेतला. श्रुतीने मॅडमना विचारलं, त्या बोलल्या, इंटरेस्टिंग. आता ह्याचं मी काय करू?

सुवर्णा मात्र तेव्हापासून दिवा लावला की फणी घेऊन माझी वेणी घालायला मागे बसते. भावाने शब्द दिलाय ना. माझ्या डोक्यावर आता मूठभर केस राहिलेत. काल मागून हळूच बोलली,

"आई, आज संपतच नायत ओ."