ऊलकानचा फलक

ऊलकान चिखलाच्या खोलीत कामाला होती. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर एक जुनं आरोग्यधाम आहे, तिथे कंबरदुखीची माणसं येतात. त्यांना गरम काळ्या चिखलाने लिंपायचं, वर मेणकापड आणि घोंगडी गुंडाळायची, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वीस मिनिटं थांबायचं, हे तिचं तेवीस वर्षांचं काम. ती वीस मिनिटं कशी घालवायची हा प्रश्न चार वर्षांपूर्वी सुटला. बिश्केकला नोकरीला गेलेल्या मुलीने, आयझिरेकने, तिच्या फोनवर एक खेळ घालून दिला.

"आई, रोज यात भेटू आपण. फुकट आहे," ती म्हणाली होती.

खेळ किल्ला बांधायचा. तट उभारायचे, घोडे पाळायचे, टोळी जमवून शेजारच्या टोळीशी लढायचं. आयझिरेक दोन महिन्यांत कंटाळली आणि निघून गेली. ऊलकान राहिली. पहिल्याच हिवाळ्यात तिने त्या फुकटच्या खेळात अकरा हजार सोम घातले. आज दोनशे, उद्या तीनशे, 'फक्त आजच', 'शेवटचे दोन तास', असं करता करता घर तापवायच्या दीड टन कोळशाचे पैसे गेले. त्या वर्षी मागची खोली तिला बंद ठेवावी लागली. नवऱ्याला तिने सांगितलं, कोळसा महागलाय. तो स्वयंपाकघरात गादी घालून झोपला. ते तिला फार लागलं.

पुढे ती टोळीची सरदार झाली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं की आपल्या टोळीतला एकही नवखा असा नागवला जाता कामा नये. टोळीच्या पानावर एक फलक असतो. तिथे तिने लिहिलं:

'पहिला महिना एक छदामही घालू नका. खेळ आवडतो की नाही ते आधी कळू द्या. घालायचेच झाले तर दुसरा गवंडी घ्या, तो कायमचा आपला होतो. त्यानंतर फार तर महिन्याचा परवाना. पेटारे घ्यायचे नाहीत. पेटाऱ्यात काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. घड्याळ लावून विकतात ते मुळीच घेऊ नका. किंमत खेळातल्या हिऱ्यांत वाचू नका, अशल्यानफूच्या, म्हणजे आपल्या थंड शेवयांच्या सुपाच्या, वाट्यांत वाचा. बँकेचं कार्ड जोडू नका, दुकानातल्या पैसे भरायच्या यंत्रात नोटा घाला. यंत्रापर्यंत बर्फातून चालत जाल तेवढ्यात निम्मी हौस थंड होते. रोज खेळून मिळणारे हिरे उधळू नका. मार्चमध्ये नौरूझच्या सणाला गरुड विकायला येतो, त्यासाठी साठवा.'

फलक चांगला होता. पण फलक वाचतो कोण? टोळीत तिला सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत. नवीन माणूस टोळीत आला की पहिला प्रश्न ठरलेला, "एजे, काय घेऊ?" ती म्हणायची, "फलक वाच." तो म्हणायचा, "वाचला. पण ती निळी पेटी घेऊ का?" ऊलकान कातावून जायची.

यंदा जानेवारीत एमिलबेक उपचाराला आला. बालिकचीहून कोळशाचा ट्रक चालवायचा, चाळिशीचा, कमरेतून पार वाकलेला. चिखलात पडल्या पडल्या त्याने तिच्या हातातला किल्ला पाहिला आणि तिसऱ्या दिवशी टोळीत दाखल झाला. माणूस गोड. येताना तिला वाळवलेल्या जर्दाळूंची पुडी आणायचा, सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. नवव्या दिवशी तिने त्याला गळ्यापर्यंत लिंपून घड्याळ उलटं केलं, तर तो म्हणाला,

"एजे, माझा फोन तेवढा धरा की तोंडासमोर."

तिने धरला. पडद्यावर पाच सोनेरी पेटारे नाचत होते आणि खाली घड्याळ उलटं पळत होतं.

"दाबा ना तेवढं. हात आत अडकलेत माझे."

"किती दिवस झाले तुला खेळायला?"

"सात."

"फलकावर काय लिहिलंय?"

"महिनाभर नाही. माहीत आहे हो. पण एकोणीस मिनिटं राहिलीत, आणि मला तुम्ही वीस मिनिटं बांधून ठेवलंय!"

"बरंच झालं. असंच बांधून ठेवायला हवं सगळ्यांना. साडेआठशे सोम म्हणजे अशल्यानफूच्या किती वाट्या होतात?"

"एजे, मी ट्रकवाला आहे, मला उकडलेलं मटण लागतं. दाबा."

"माझं बोट तुझ्या पैशाला लागणार नाही. आणि कार्ड जोडलंस ना रे मेल्या? काय सांगितलं होतं मी?"

"तुमचं बोट नको, नाक आहे माझं," असं म्हणत एमिलबेकने मान उचलली आणि ती फोन मागे घेईपर्यंत नाकाने दाबून मोकळा झाला.

चार पेटाऱ्यांतून गवताच्या पेंढ्या निघाल्या. ऊलकानला बरं वाटलं. आता याला कळेल, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पाचवा उघडला आणि त्यातून पांढरा घोडा बाहेर आला. असा घोडा अख्ख्या टोळीत कोणाकडेच नव्हता, चार वर्षांत खुद्द सरदाराकडेही नव्हता.

एमिलबेक चिखलातून इतका हसला की मेणकापड फाटलं. ऊलकानने घड्याळ संपायच्या आधीच त्याच्यावर नळी सोडली.

"थंड आहे हो एजे!"

"असू दे!"

घोडा टोळीने पाहिला. त्या आठवड्यात सातजणांनी पेटारे घेतले. सातही जणांना गवत मिळालं. तिने एकेकाला विचारलं, "मी लिहून ठेवलंय ते कशासाठी?" उत्तर एकच, "पण एमिलबेकला मिळाला ना!" तिला वाटलं, त्याला गवतच मिळालं असतं तर या सातजणांचे पैसे वाचले असते. एका घोड्याने इतक्या वर्षांच्या सांगण्यावर पाणी फिरवलं. त्यात तो घोडा खराच देखणा होता आणि लढाईत टोळीला दोनदा त्यानेच तारलं. हे तिला कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तरी टोळीत ऐकणारी एक होती. नारीनची अनीपा, शिवणकाम करणारी. तिने पेटाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आठ महिने रोज खेळून मिळालेले हिरे तिने गरुडासाठी साठवले होते. कोणी वाद घातला की ऊलकान म्हणायची, "अनीपाकडे बघा."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं: जुने हिरे बंद, आता सूर्यमणी. दहा हिऱ्यांना एक मणी मिळेल. गरुडाची किंमत मात्र आकड्यात होती तेवढीच ठेवली, फक्त हिऱ्यांच्या जागी मणी. ज्यांनी सगळं उडवलं होतं त्यांचं काहीच गेलं नाही. ज्यांनी साठवलं त्यांचे दहातले नऊ भाग एका सकाळीत गेले.

टोळीच्या पानावर आग लागली. 'एजेंचं ऐकून बुडालो.' 'सरदारीणबाई, आता फलकावर काय लिहिता?' एकाने तर लिहिलं की तिला कंपनीकडून पगार मिळत असणार. चिखलाच्या खोलीत रोगी पालथे पडलेले, आणि ती भिंतीला टेकून हे वाचत होती. एका आजोबांच्या अंगावरचा चिखल वाळून खडखडीत झाला तरी तिला भान नव्हतं. "मुली, मला भाजायचं ठरवलंयस का?" असं ते ओरडले तेव्हा ती धावली.

तिने कंपनीला पत्र लिहिलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं: 'प्रिय उल्कानबेक, आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. सोबत एक पेटारा भेट.' तिला पुरुष करून टाकलं होतं. पेटारे तिने उघडलेही नाहीत.

आयझिरेकला फोन केला तर ती म्हणाली, "आई, खेळ आहे तो. सोडून दे."

"तूच घातलास ना माझ्या फोनवर?" ऊलकान म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटी अनीपाचा फोन आला. ऊलकानने तो दोनदा वाजू दिला. अनीपा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही.

"एजे, तुम्ही जेवलात का?"

"जेवण राहू दे. मला शिव्या दे आधी."

"कशाला? माझा एक सोम गेलेला नाही. हिरे खेळून मिळाले होते."

"आठ महिने गेले तुझे."

"वेळच तो."

"वेळ काय फुकट येतो? माझ्या शब्दावर थांबलीस तू!"

"मग फलकावर एक ओळ वाढवा. बाकीचं खरंच आहे."

"अगं, नियम उद्या पुन्हा बदलतील. मी किती ओळी वाढवू?"

अनीपा म्हणाली की शिवायचे तीन पडदे पडलेत, आणि तिने निरोप घेतला.

ऊलकानने फलक पुसला. दोन दिवस तो कोरा राहिला. त्या दोन दिवसांत चार नवखे आले आणि त्यांतल्या तिघांनी कोणालाही न विचारता पेटारे घेतले. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहायला घेतलं. गवंड्याचं राहिलं, यंत्राचं राहिलं, वाट्यांचं राहिलं. गरुडाची ओळ गेली. त्या जागी तिने लिहिलं: 'आत जे साठवाल ते तुमचं नाही. ते त्यांच्या घरात, त्यांच्या कुलपात आहे. जपून ठेवायचं असेल तर बाहेर ठेवा. नौरूझला गरुड घ्या असं मी सांगितलं होतं. ते चुकलं.'

एमिलबेकने खाली लिहिलं, 'एजे, आता सगळ्यांना चिखलात बांधा.' तो एप्रिलमध्ये पुन्हा उपचाराला आला, जर्दाळू घेऊनच. तिने पुडी घेतली, त्याला लिंपलं, आणि त्याचा फोन बाहेरच्या खुंटीवर लटकणाऱ्या त्याच्या कोटात ठेवून आली. तो वीस मिनिटं कुरकुरत राहिला.

टोळीतून सतराजण गेले. अनीपा आहे. ऊलकान अजून सरदार आहे, कारण दुसरं कोणी ती कटकट घ्यायला तयार नाही. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर तिने स्वतः एक सोमही घातलेला नाही, आणि याचा तिला अभिमान नाही, उलट चीड येते. एवढं शिकायला एक अख्खा हिवाळा थंडीत काढला, ते कोणालाच देता येत नाही म्हणून. परवा तालासच्या कोणा नव्या मुलीने विचारलं, "एजे, फलक वाचला, पण सूर्यमण्यांची थैली घेऊ का?" ऊलकानने तिला सरळ फोन लावला. पाऊण तास बोलली.

मुलीने थैली घेतली नाही. परवाना घेतला. कार्ड मात्र जोडलं.