तीन पायऱ्या आणि गफूरभाई

आमच्या भिवंडीच्या स्टँडवर गाडी वेळेवर येईल याची खात्री नाही, पण किस्सा दररोज लागतो. त्यातून स्टँड नव्याने बांधायला काढला आणि आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. मग तर काय, जादा फेऱ्याच सुरू झाल्या! मी कंट्रोलर. दिवसभर माइकवर गाड्या पुकारतो आणि चहाला बसलो की हे किस्से सांगतो.

आधी आमच्या वनिताताईंची ओळख करून देतो. पासच्या खिडकीवर बसतात, राहतात खारबावला. लहानपणीच पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. पण आवाज असा की माझ्या माइकला लाज वाटावी!

पासची खोली तेवढी जुनीच ठेवली, तिला तीन पायऱ्या. रोज सकाळी ताईंची खुर्ची आम्ही उचलायचो. पुढून गफूरभाई हमाल, मागून मी. साठी ओलांडलेल्या गफूरभाईचे गुडघे यंत्रमागासारखे कटकट वाजायचे. मी काळजीने बघितलं की म्हणायचा, "कुछ नहीं साहेब, लूम चालू है!" आणि खुर्ची वर टेकवली की रोज एकच आरोळी, "माल पोचला!"

ताई हसायच्या. पण एकदा मला म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आत एक दिवस तरी माझ्या खिडकीत मी स्वतः जानार. कोनी उचलायचं न्हाय." नवीन कामात त्या पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे, हे कळलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या शेडला जिलेबी वाटली.

*

काम सुरू व्हायच्या आधी गेटवर नव्या स्टँडचं मोठं चित्र लागलं. झाडं, सायकली, चकाचक फरशी, हातात पर्स घेतलेली चार गोरी माणसं. जवळच्या पूर्णा गावच्या एक आजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ चित्र बघत होत्या. शेवटी मला विचारलं, "आपला स्टँड यो?"

"हो आजी."

"मंग आपली मानसं कुठं गेली?"

*

पहिली इलेक्ट्रिक गाडी आली, तेव्हा अर्ध्या प्रवाशांना पत्ताच नाही. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, गाडी आल्याचं फलाट हादरल्यावर कळायचं! कसंबसं मी सगळ्यांना आत बसवलं. ड्रायव्हरने गाडी चालू केली. आवाज नाही, हादरा नाही. मागच्या सीटवरचे दोन लूमवाले एकमेकांकडे बघून उसासा टाकून उठले.

"चलो भाई, उतरो. धक्का मारना पडेगा!"

सहा जण धक्का मारायला खाली उतरलेसुद्धा! गाडी गेली पुढे. मागे सहा जण खूश, "देखा? हो गई चालू!" मग कळलं की आपण खालीच राहिलो. पळाले गाडीमागे!

*

फलाटावर अंध प्रवाशांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमचे तीन कंडक्टर बूट काढून त्यावर उभे. "साहेब, टाचेला लई आराम पडतो!"

तेवढ्यात मागून काठीची टकटक आली. एक अंध गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे पाय चेपून झाले असतील तर मी घरी जाऊ का?"

*

आता रॅम्प. तयार झाला, इंजिनिअरसाहेब खूश. ताईंच्या रिटायरमेंटला महिना बाकी. गफूरभाई आला, दोन पावलं चढला आणि म्हणाला, "ये नहीं चलेगा."

"ड्रॉइंगप्रमाणे आहे," साहेब म्हणाले.

गफूरभाई गेला आणि सुताच्या गोण्या भरलेली हातगाडी घेऊन आला. "साहेब, धरा." साहेबांनी अर्ध्यापर्यंत ढकलली. मग गाडीनेच साहेबांना ढकलत खाली आणलं! चढ हातगाडीवाल्याच्या पोटरीला कळतो, तो कागदावर कुठून दिसणार?

रॅम्प फोडला. लांब, वळणाचा नवीन करायचं ठरलं. ताईंना कळलं आणि त्या भडकल्या. "माझा रॅम्प तोडलास मेल्या! आता मी रिटायर झाल्यावर बांधतील!"

"गिरली असतीस ताई," तो एवढंच म्हणाला.

ताईंनी अबोला धरला. आणि हा अबोला कसा, तर रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याच हातांवर बसून त्याच्याशी बोलायचं नाही! त्या दिवसापासून "माल पोचला"सुद्धा बंद. मला करमेना हो.

*

ताईंचा शेवटचा दिवस. नव्या रॅम्पच्या सिमेंटवरची ओली पोती त्याच सकाळी निघाली. गफूरभाईने स्वतः झाडून काढला. आम्ही सगळे खाली उभे. सवयीने माझा हात खुर्चीकडे गेला, ताईंनी डोळे वटारले.

एकट्या निघाल्या. वळणावर दम घेतला. पोचल्या वर! टाळ्या, शिट्ट्या. मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू?

सगळे चहाला वर गेले. गफूरभाई मात्र खालीच पायरीवर बसलेला, गुडघा धरून. कालपर्यंत ताईंना घेऊन चढणाऱ्या माणसाला आज रिकाम्या हातांनी चढवेना.

"क्या हुआ गफूरभाई?" मी विचारलं.

"लूम बंद, साहेब."

ताईंनी वरून बघितलं. खुर्ची वळवली, रॅम्प उतरून खाली आल्या आणि त्याच्याकडे पाठ करून थांबल्या.

"धर मागून. पन ढकलायचं न्हाय हां. नुसतं धरायचं."

दोघं निघाले. वळणावर थांबले, पुन्हा निघाले. पासची लाइन गेटपर्यंत गेली होती, पण कोणी ओरडलं नाही.

वर पोचल्यावर ताईंनी आरोळी दिली, माइकशिवाय सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी.

"माल पोचला!"