घाटाचा फोटो

कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ आमच्याकडे नेहमी येतात. मोबाईलवर चालत खेळायचा एक खेळ आहे, त्यासाठी ते गावोगावची वेस, वीरगळ, चर्चची घंटा अशा जागा सुचवतात. मंजूर झालेली जागा खेळाच्या नकाशावर येते आणि खेळणारे तिथे जातात. रक्तातली साखर वाढल्यापासून, चालणं व्हावं म्हणून, मीही खेळतो. पण त्या नकाशावर आमच्या गावातली एकही जागा नाही, म्हणून शेजारच्या गावच्या वेशीपर्यंत दोन किलोमीटर चालावं लागतं.

त्या वेशीचा फोटो काढताना त्यांनी आधी पाचोळा झाडला, मग वेशीतच गाडी लावून उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्याला म्हणाले, "दादा, फोटो वेशीचा हाय, तुमच्या गाडीचा न्हाई."

आमच्या गावचा प्रवरा नदीवरचा दगडी घाट नक्की मंजूर झाला असता. त्यांनी फोटो काढला, माहितीही लिहिली. पाठवण्याआधी मात्र धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं, "मावशी, हितं पोरं मोबाईल घेऊन येतील. चालंल का?"

"मग आमी आंघोळी कुठं करायच्या?" त्यांतली एक म्हणाली.

त्यांनी तिच्यासमोरच फोटो पुसला.

"अहो, गावात दुसरं काही नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या नकाशा कोरा."

मी अजून शेजारच्या वेशीपर्यंत चालतो. वाटेत घाट लागला की मोबाईल खिशात ठेवतो.