लॅपटॉपवर फोडलेला नारळ

आमच्या घरी चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, “आजी, ते नारळाचं सांगा ना!” मी म्हणते, त्यातलं कुठलं सांगू? घडलं होतं एकच, पण त्याला इतके फाटे फुटले की दर वेळी एखादा नवीनच आठवतो. ऐकणारे पोट धरून हसतात. तेव्हा मात्र आम्ही कुणी हसत नव्हतो. हसू फार उशिरा आलं, तेही आधी चोरूनच.

तर ऐका. अंबरनाथ नावाचं एक शहर होतं. शहराच्या कडेला मोरिवली होती, मोरिवलीत एक चाळ होती आणि चाळीत राहायचा टर्नर रघुनाथ, त्याची अंगठेबहाद्दर बायको अनसूया, मुलगा प्रमोद आणि सून वैशाली. रघुनाथ म्हणजे आमचे हे. एरवी मी नाव घेत नाही, गोष्टीत घेतलेलं चालतं. अनसूया म्हणजे मी.

ह्यांच्या कारखान्याला टाळं लागून वर्षं झाली होती. घर चालायचं प्रमोदच्या पगारावर. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेल्सला होता, पण टेम्पररी! सहा महिन्यांचं लेटर मिळायचं, ते संपलं की पुढच्या सहा महिन्यांचं. तेवढं मिळेपर्यंत घरात कुणाला नीट झोप नाही. त्या वर्षीचं लेटर दिवाळीला संपणार होतं. मी देवापुढे हात जोडले की सुरुवात मराठीत करायचे आणि शेवटी म्हणायचे, “पर्मनंट होऊ दे.” मला येणारा इंग्रजी शब्द तेवढाच.

*

आधी ह्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. लेथ पुसून, तेल देऊन, झेंडूची माळ घालून हे स्वतःच्या हाताने नारळ फोडायचे. कारखाना बंद झाला तरी ह्यांची खंडेनवमी चालूच राहिली. नारळ घेऊन गेटवर जायचे. वॉचमन आत सोडायचा नाही. म्हणायचा, “काका, आतमध्ये आता मशीनच नाही, भंगारवाले घेऊन गेले.”

हे म्हणायचे, “गेट आहे ना?” आणि गेटच्या कुलपावर नारळ फोडून घरी यायचे.

एके वर्षी नारळ तसाच परत घेऊन आले. मी विचारलं, “काय झालं?”

“गेट पण नेलं,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवसापासून ह्यांचं बोलणंच कमी झालं.

*

पट्ट्याला पेजर लटकवून लोक मिरवायचे, त्या दिवसांतली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी प्रमोद एक काळी बॅग छातीशी धरून घरी आला. तान्हं मूल आणावं तशी! बॅगेतून पुस्तकासारखी उघडणारी एक काळी पेटी निघाली.

“आई, हा लॅपटॉप. मोठ्या साहेबांचा. अख्ख्या कंपनीत एकच आहे. मंगळवारी मोठी पार्टी येणार आहे, त्यांना दाखवायचं सगळं ह्यात तयार करायचंय. साहेबांनी विश्वासाने दिलाय. हे नीट झालं तर लेटरचं बघू म्हणालेत.”

मी म्हटलं, “एवढ्याशा डबीचं एवढं काय?”

“आई, आपल्या खोलीपेक्षा महाग आहे.”

मी लगेच हात मागे घेतला. वैशालीने त्याच्यावर तिचा रुखवतातला विणलेला रुमाल घातला. रात्री उंदीर येतात म्हणून प्रमोदने तो पलंगावर ठेवला आणि स्वतः खाली झोपला.

हे लांबूनच बघत होते. बऱ्याच वेळाने विचारलं, “मशीनच ना हे?”

“हो बाबा, मशीनच.”

प्रमोदने असं म्हणायला नको होतं!

*

रविवारी खंडेनवमी. प्रमोद सकाळी उठून कामाला बसला, मग मशीन तसंच चालू ठेवून आंघोळीला गेला. वैशाली नळावर, मी चुलीशी. हे उठले. कितीतरी वर्षांनी ह्यांच्यासमोर चालू मशीन आलं होतं! हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. मला वाटलं, बरं झालं, माणूस जरा हलला तरी.

तेवढ्यात कोयत्याच्या पाठीचा ठोका ऐकू आला. लेथवर फोडायचे तसाच, मशीनच्या बरोबर वर धरून फोडला. सगळी धार त्या बटणांवर! पडद्यावरची अक्षरं थरथरली, एक बारीकशी शिट्टी वाजली आणि काळोख.

प्रमोद टॉवेल गुंडाळून धावत आला. “बाबा! काय केलंत हे?”

ह्यांना अजून कळलंच नव्हतं. हातातली खोबऱ्याची शकलं पुढे केली आणि म्हणाले, “घे. गोड निघाला.”

*

मग पेटी उलटी करून ठेवली. पाणी थेंब थेंब गळत होतं आणि आम्ही चौघं भोवती बसलो होतो, मयताच्या घरी बसतात तसे. शेजारच्या मंदाताई डोकावून गेल्या, काही न विचारता घरी गेल्या आणि झाकलेलं पातेलं घेऊन परत आल्या. पिठलं-भात! कुणाच्या घरी पिठलं-भात नेऊन देतात, ते काय सांगायला हवं?

वैशाली पातेलं घेताना म्हणाली, “मंदाताई, अजून जीव आहे हो.”

मला सुचलं, मिठाला पाणी सुटू नये म्हणून आपण बरणीत तांदूळ टाकतो, मग ह्यालाही तांदळात घालू. वांगणीहून माझ्या बहिणीने दिलेला तांदूळ डब्यात होता. पेटी आत खुपसली, वरून झाकण लावलं. प्रमोद म्हणाला, “आई, तो कॉम्प्युटर आहे!”

मी म्हटलं, “ओल ती ओलच रे, मिठाची असो नाहीतर तुझ्या साहेबांची.”

*

सोमवारी दसरा. लोक सोनं वाटत होते आणि आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये परसूभाईच्या दुकानात. परसूभाई सिंधी माणूस, टीव्ही रिपेरिंगचं दुकान. आमचा जुना टीव्ही त्यानेच दोनदा जिवंत केला होता, म्हणून ह्यांचा त्याच्यावर भरवसा.

त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आतून पोरकिडे निघाले! तांदळातले! एक, मग आणखी एक, मग रांगच. टेबलावरून चालत सोल्डरिंगच्या तारेपर्यंत गेले.

तेव्हा पेपरात एकच बोंब होती, दोन हजार साल लागलं की बग येणार, जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. परसूभाईने चष्मा वर केला. “साईं, पेपर में पढ़ा था कंप्यूटर में बग आएगा. आँख से आज देखा!”

प्रमोदने डोकं धरलं. परसूभाईने कापसाने पुसून बघितलं, फुंकर मारली, तारा लावल्या. एक हिरवा दिवा लागला. आम्ही सगळे पुढे सरकलो. दिवा विझला.

परसूभाई हळूच म्हणाला, “मदर गई.”

ह्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “अहो, मी इथेच आहे!”

“मदरबोर्ड, माँजी,” परसूभाई म्हणाला. “मेरे हाथ का नहीं है ये.” पैसे घेतले नाहीत. चहा मागवला. ह्यांनी चहाचा ग्लास घेतला, दुकानाच्या पायऱ्या उतरून थेट रस्त्याच्या पलीकडे गेले आणि तिकडे उभे राहून प्यायले.

*

मंगळवारी पार्टी आली, प्रमोदकडे दाखवायला काहीच नाही. त्याने साहेबांना सांगितलं, “सर, पाणी सांडलं.” पार्टी चहा-बिस्किटं खाऊन गेली. साहेब एवढंच म्हणाले, “मुंबईला सर्व्हिस सेंटरला दाखव. काय खर्च येतो बघू.”

घरी आल्यावर प्रमोदने आम्हाला तिघांना बसवून पढवलं, “पाणी. साधं पाणी. कुणी विचारलं तर पाणी सांडलं.” आम्ही माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तर हे चपला घालून तयार! “मी वाट लावली, उचलून पण मीच नेणार.” बॅग मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत गेले.

तिथे एसी, काचेचं काउंटर, टाय लावलेला मुलगा. त्याने आत बघितलं. “लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. काय सांडलं?”

“पाणी,” प्रमोद म्हणाला.

“साधं पाणी?”

हे आयुष्यात मशीनबद्दल कुणाशी खोटं बोलले नव्हते. डॉक्टरला आजार सांगावा तसे पुढे वाकले. “नाही हो, नारळाचं. खंडेनवमीचा नारळ होता. थोडं कुंकूही गेलं असेल.”

प्रमोदने ह्यांच्या पायावर पाय दिला. हे त्याला म्हणाले, “अरे, नीट सांगितल्याशिवाय ते दुरुस्त कसं करतील?”

त्या टायवाल्या मुलाने सगळं टाइप केलं. खर्चाचा आकडा घातला, प्रमोदच्या साहेबांना फॅक्स केला. खाली कारण लिहिलं होतं, कोकोनट वॉटर. महिन्यातून चार शब्द बोलणारा माणूस, त्याला खरं बोलायला तेच काउंटर सापडलं!

*

त्या रात्री हे जेवले नाहीत. अंधारात बसून दोन्ही हात बघत होते. म्हणाले, “अनसूया, ह्या हातांना मशीन लागू नये म्हणूनच कारखाना बंद झाला असेल.”

आत वैशाली मुसमुसत होती. प्रमोदने शर्टला इस्त्री करून ठेवली होती. सकाळी साहेबांनी बोलावलं होतं. नोकरी जाणार, हे आम्ही चौघं धरूनच चाललो होतो.

सकाळी हेही प्रमोदबरोबर निघाले. वैशाली माझ्या हातात प्रमोदचा डबा देत म्हणाली, “आई, तुम्ही पण जा. बाबांना एकटं सोडू नका.”

*

मी साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, “पाणी म्हणाला होतास.”

हे म्हणाले, “साहेब, मी फोडला. पोरगा आंघोळीला गेला होता. त्याचा काही दोष नाही.”

“लॅपटॉपवर नारळ?”

“खंडेनवमी होती.”

साहेबांनी विचारलं, “तुम्ही कामाला कुठे होता?” ह्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं. साहेब “हं” म्हणाले आणि बेल वाजवली. अकाउंटचे नाईक माझ्या समोरून आत गेले. मी डबा घट्ट धरला. आता हिशोब करून हातात देणार!

“नाईक, ह्या रिपेरिंगचे पैसे ह्याच्या पगारातून कापा.”

नाईकांनी आकडा बघितला. “साहेब, ह्याचा वर्षाचा पगार कापला तरी पुरायचा नाही.”

“मग हप्ते पाडा. थोडे थोडे कापा. घर चाललं पाहिजे त्याचं.”

“हप्ते पाडले तर तीन-चार वर्षं जातील, साहेब. आणि हा तर टेम्पररी! दिवाळीला लेटर संपतंय.”

“म्हणजे दिवाळीनंतर हा मोकळा? आणि माझे पैसे?”

“तोच तर प्रश्न आहे, साहेब.”

“मग बघता काय? पर्मनंट करा त्याला!”

“साहेब?”

“पर्मनंट करा म्हणतो ना! सुटता कामा नये!”

पुढच्या महिन्यापासून प्रमोदचा पगार कापून यायला लागला. पहिला कापलेला पगार घरात आला, त्या संध्याकाळी ह्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले.