वरच्या काकांच्या उंचीचा वॉकर

माझा डावा खुबा बदलला तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो. बदलायचा निर्णय सर्वस्वी माझा होता, हे आधीच सांगून ठेवतो. विश्रांतवाडीला राहणारा माझा मोठा भाऊ म्हणाला होता, "ह्या वयात कोणी खुबा बदलतं का? तेल लाव आणि चालत राहा." बायको म्हणाली होती, "अजून एका डॉक्टरला विचारू." मी कोणालाच विचारलं नाही. घरातल्या सोफ्याच्या कापडाचा रंगसुद्धा मी कधी एकट्यानं ठरवलेला नाही. आयुष्यात एकच निर्णय स्वतःचा स्वतः घेतला, तो थेट हाड कापण्याचा.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉकरला धरून मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ताठ चालत गेलो आणि येताना नर्सशी चार गप्पाही मारल्या. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललात तर सहा आठवड्यांनी काठी देऊ. मग जिना उतरा, कोपऱ्यावर जा, दूध आणा." दूध आणणं हे घरातलं माझं एकमेव काम असल्याचं बायकोनं त्यांना सांगितलं असावं.

आता घरासाठी वॉकर हवा होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत असल्या वस्तू कोणी विकत आणत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, शेकायची पिशवी कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर असतेच, आणि ज्याची पाळी येईल त्याच्याकडे जाते. वॉकर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होता. काका गेल्यापासून दोन वर्षं तो चादरीत गुंडाळून ठेवलेला. काकूंनी तो स्वतः पुसला आणि "सांभाळून वापरा" एवढंच म्हणून दिला.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. उसनी आणलेली वस्तू जशी आली तशीच परत जायची. ही माझ्या आईची शिस्त, आणि बायकोनं ती आईपेक्षा कडक चालवली. एकदा शेजारून आणलेल्या शिडीची पायरी हलत होती. मी स्क्रू पिळायला गेलो तर म्हणाली, "आपली आहे का? त्यांची हलत असेल." तर ह्या वॉकरच्या चारही पायांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पुढच्या दांड्याला एक कापडी पिशवी बांधलेली. आम्ही पट्टीला हात लावला नाही, पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही.

काका अगदी लहान चणीचे होते, पाच फुटांना थोडे कमीच. मी पावणेसहा फूट. हे दोन्ही आकडे मला, बायकोला, अख्ख्या इमारतीला ठाऊक होते. ते शेजारी शेजारी मांडून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतो आहे.

पहिल्या आठवड्यात कंबर दुखायला लागली. ऑपरेशननंतर दुखणारच, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात मनगटं भरून आली, पाठीला कमान पडली आणि चालताना मला फक्त फरशी दिसायला लागली. आमच्या घरातल्या कुठल्या फरशीला कुठं टवका गेलाय हे मी आजही झोपेत सांगेन. सोफ्याखाली बायकोच्या कुड्याची हरवलेली फिरकी सापडली. पण मला वाकायला सक्त मनाई होती, त्यामुळे मी नुसती दाखवली. दिवसभर कमरेत वाकून हिंडणाऱ्या माणसानं "मला वाकायचं नाही" असं गंभीरपणे सांगितलं, आणि घरातल्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होत चालली होती. खुबा वाकडा बसला होता. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस ठीक होता, घरी येईपर्यंत बिघडला. आता उरलेलं आयुष्य असंच फरशी बघत काढायचं, आणि तेही स्वतःच्या हट्टानं. दुपारी बायको पडली की मी बेसिनपाशी जायचो, वॉकर सोडून बेसिन धरायचो आणि आरशात बघायचो. ताठ उभा राहता यायचं. वॉकर धरला की पुन्हा कमान. सातवीतल्या कुठल्याही मुलानं एवढ्यावरून उत्तर काढलं असतं. मी काढलेलं उत्तर असं, की खुबा उभं राहण्यापुरता बरा आहे, चालण्यापुरता गेला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. भावाचा दर रविवारी फोन यायचा. "काय, पळायला लागलास का?"

"एकदम मस्त चाललंय," मी फरशीकडे बघत म्हणायचो.

बायको अधूनमधून थांबून माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "अहो, लग्नात हार घालून घ्यायलासुद्धा एवढे वाकला नव्हतात."

"सवय होतेय हळूहळू."

"वाकायची?"

डॉक्टरांना दाखवायला एक आठवडा राहिला तेव्हा तिनं मला न विचारता व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलं. जवळच खोली घेऊन राहणारी, अमरावतीकडची पंचविशीची मुलगी. आल्या आल्या म्हणाली, "चालून दाखवा काका." मी हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ती माझ्या कमरेकडे बघत राहिली.

"खरं सांगा," मी म्हणालो, "खुबा वाकडा बसलाय ना?"

बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "कधीपासून वाटतंय असं?"

"महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीत." तिनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. त्या क्षणी तिनं एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती मुलगी वॉकरभोवती फिरून आली. "हा कोणाचा आहे?"

"वरच्या काकांचा. ते गेले."

"किती उंच होते ते?"

बायकोनं आपल्या भुवईशी आडवा हात धरला.

"म्हणजे काका, तुम्ही पाच आठवडे त्यांच्या उंचीनं चालून राहिले." तिनं मला दाराची चौकट धरून ताठ उभं केलं आणि दुसरा हात मोकळा सोडायला लावला. वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी. ती चांगली सहा बोटं खाली होती. "खुबा बरोबर बसला आहे. ह्याच्या पायांना बटणं असतात, ती दाबली की उंची बदलते. ह्या पट्टीच्या आत असतील. कात्री द्या."

"थांबा," बायको म्हणाली. "विचारायला हवं."

"कोणाला?"

"काकूंना. वस्तू त्यांची आहे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पाच आठवडे वाकलो होतो, अजून पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं?

काकू स्वतःच खाली आल्या. वॉकरकडे पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एवढे दिवस असेच चालताय?"

"हो."

"आणि आपण गणित शिकवता."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पट्टीवरून बोट फिरवलं. "ही ह्यांनी गुंडाळलेली. बटणं खडखड वाजायची. हे पहाटे उठायचे, त्या आवाजानं माझी झोप मोडू नये म्हणून."

मी म्हणालो, "राहू दे काकू. मी दुसरा आणतो."

"तुम्ही उभे राहा तसेच. नाहीतर माप पुन्हा चुकेल."

त्यांनी नखानं पट्टी सोडवली, सावकाश, एकेक पाय. चौथ्या पायाची निघेना तेव्हा मुलीकडून कात्री घेतली. निघालेली सगळी पट्टी गोळा करून मुठीत धरून ठेवली. मुलीनं चारही पाय चार-चार भोकं वर घेतले. टक, टक, टक, टक.

मी मुठी धरल्या आणि पाठ आपोआप सरळ झाली. नवा खुबा कुठं आहे हेही कळलं नाही, इतका तो जागच्या जागी होता. समोर पहिल्यांदा दिसला तो फ्रिजचा माथा. "वर बरीच धूळ आहे," मी म्हणालो.

"काठी मिळू दे. मागोमाग फडकंही मिळेल," बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा झाला होता.

मी गॅलरीपर्यंत गेलो. प्रत्येक पावलाला वॉकर खडखडला. काकू मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या. "हाच आवाज," म्हणाल्या, आणि माझ्या तीन फेऱ्या होईपर्यंत बसून राहिल्या.

रविवारी भावाला सांगितलं, पळत नाही, पण उंची वाढली आहे. पुढच्या आठवड्यात काठी मिळाली. दोन जिने उतरायला मला बारा मिनिटं लागली, ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. दुधाची पिशवी खांद्याच्या शबनममध्ये टाकून परतलो, तेव्हा बायको गॅलरीत मघाशी वाळत घातलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत होती.

वॉकर परत करायची वेळ आली तेव्हा रीत आडवी आली. जसा आला तसा द्यायचा, म्हणून मी काळी चिकटपट्टी विकत आणली आणि चार भोकं खाली घ्यायला बसलो. बायकोनं विचारायला म्हणून वर फोन केला. काकूंचा निरोप आला, "पट्टी नको, आणि खालीही घेऊ नका. ह्यापुढे ज्याला द्यायचा त्याचं माप घेऊनच देऊ."

महिन्याभरात काकूंच्या समोरच्या दारातल्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. काकूंनी मलाच वर बोलावलं. एका हातात काठी, शबनममध्ये शाळेची फूटपट्टी घेऊन मी एक मजला चढलो, चांगला पाय आधी. आजी चौकट धरून हात मोकळा सोडून उभ्या होत्या. मी फूटपट्टी लावली आणि आकडा सांगितला.

"दोनदा मोजा," काकू म्हणाल्या.

मी दोनदा मोजलं.