शिट्टी वाजली आणि लोक पळाले

मित्रांनो, दुपारपासून सुन्न झालोय, म्हणून इथे लिहितोय.

अठरा वर्षं फौजेत होतो, नंतर सरकारी अतिक्रमणविरोधी पथकात. महिन्याभरापूर्वी एका मदत संस्थेचा प्रमुख झालो. आज काशीमीऱ्याजवळच्या एका जळालेल्या वस्तीत चादरी आणि रेशन वाटायला गेलो होतो.

टेम्पोभोवती गर्दी झाली. रांग लावावी म्हणून सवयीने शिट्टी वाजवली.

बायांनी पोरं उचलली, कुणी काळी पडलेली भांडी छातीशी धरली आणि सगळे पळत सुटले. मला काही कळेना.

एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही. मला नीट बघून म्हणाली, "साब, अब क्या तोड़ोगे? सब तो जल गया."

तिने मला ओळखलं होतं. झोपड्या पाडायच्या आधी, सामान बाहेर काढा म्हणून, मी हीच शिट्टी वाजवायचो.

शिट्टी खिशात टाकली आणि तिला चादर दिली. तिने ती घेतली, पण उलगडली नाही. "वापस तो नहीं लोगे?"

उद्या पुन्हा तिथेच जायचंय. माझ्या जागी तुम्ही असतात, तर त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलला असतात?