इस्तारीभाऊंनी राखलेलं नेट

सावली तालुक्यातल्या मोहबोडीच्या इस्तारी भोयरांना जगातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता. बर्फात निजून आलेली परमुलखातली मासोळी, बाजारातलं आयतं जाळं, मोहर्लीला वाघ बघायला पैसे मोजणारी माणसं. (वाघ आपणहून तलावाच्या पाळीवर येऊन बसतो, त्याला तिकीट कशाला?) पण गेल्या कार्तिकात मोबाइल कंपन्या या यादीत शिरल्या आणि शिरल्या त्या थेट पहिल्या नंबरावर.

इस्तारीभाऊ गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचं सगळं शास्त्र एका शब्दात मावत असे: राखणं. तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायची, पावसाळाभर कोणाला पाण्यात बोट बुडवू द्यायचं नाही, आणि ठरल्या दिवशी नारळ फोडून जाळं टाकायचं. जितकं राखाल तितकं वाढेल. एकदा सख्खा साळा चोरून गळ टाकताना सापडला, तर त्यांनी तो गळ सोसायटीच्या खोलीत खुंटीला टांगला. साळा रस्त्यानं जाताना दिसला की ते गळाकडे बघून खाकरत. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. गळ गंजला, खाकरणं ताजं होतं.

तर त्याच कार्तिकात तलावाचा ठेका संपत होता. नव्यानं मिळायचा तर सगळ्या सभासदांच्या सह्यांचा ठराव आणि कागदपत्रं तीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन चढवायची होती. नाही चढली तर तलाव लिलावात जाणार, आणि बाहेरचा एक ठेकेदार दोनदा येऊन पाणी बघून गेला होता. तिसऱ्यांदा तो काठी घेऊन पाळीवर बसला असता, आणि इस्तारीभाऊंना खाकरायलासुद्धा जागा उरली नसती.

गावात संघप्रियाबाईंचं सेतू केंद्र होतं, पण रस्ता खोदणाऱ्यांनी त्यांची केबल तोडून ठेवली होती. म्हणून सोसायटीनं सावलीहून वायफायचा एक डबा आणला. मुठीएवढा, आत सिमकार्ड, दोन तारखेला रिचार्ज मारलेला. दुकानदार म्हणाला, "रोज दोन जीबी, महिनाभर. एकदम अनलिमिटेड."

इस्तारीभाऊंनी तो डबा बंद केला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला, सोसायटीच्या पेटीत घातला आणि किल्ली करगोट्याला बांधली. पोरं म्हणाली, थोडं बघू द्या. भाऊ म्हणाले, "तलाव रोज ढवळला तं मासोळी वाढते का बे?"

महिनाभर ते मनातल्या मनात हिशोब करत होते. रोजचे दोन, म्हणजे दहा दिवसांचे वीस, अठ्ठावीस दिवसांचे छप्पन्न. जीबी म्हणजे नेमकं काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण छप्पन्न म्हणजे किती हे ठाऊक होतं. रात्री जेवताना ते बायकोला सांगत, "पेटीत भरून राह्यलं हाये, गोकुळा. पेटी जड लागते आता."

गोकुळाबाई सावलीच्या बाजारात मासोळी विकत. पोरीनं त्यांना एक फोन घेऊन दिला होता. दिवसभर त्यातलं नेट बंद. दिवेलागण झाली की त्या ते सुरू करत आणि नागपूरची लेक रिंकू, भजनं, कोण्या तरी बाईनं केलेली लोणची असं बघत शेवटच्या थेंबापर्यंत संपवत. भाऊंच्या लेखी हा उधळेपणाचा कळस होता.

"काही राखाची सवयच नाई तुले," ते म्हणत.

"हो जी," गोकुळाबाई म्हणत, आणि लोणच्याचा आवाज वाढवत.

तीस तारीख उजाडली. एकच सही अडली होती, हेमराजची. तो मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवतो. सुट्टी मिळता मिळता तो संध्याकाळी चारला पोचला, केसांत किलोभर धूळ घेऊन. सही झाली. संघप्रियाबाई लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या खोलीत बसल्याच होत्या. इस्तारीभाऊंनी पेटी उघडली, डबा काढला आणि तलाव उघडताना फोडतात तसा नारळ फोडला. पाणी डब्यावर शिंपडायला गेले, तेव्हा संघप्रियाबाईंनी त्यांचा हात धरला.

डबा सुरू झाला. हिरवा दिवा लागला, मग लाल झाला, आणि लालच राहिला.

"नेट नाई याच्यात," संघप्रियाबाई म्हणाल्या.

"छप्पन्न हाये. नीट पाहा."

बाईंनी नीट पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. "इस्तारीभाऊ, तुमी हे वापरलंच नाई का?"

"एक थेंब नाई!" भाऊंची छाती फुगली.

"अवो, हे साचत नाई. रोजचं दोन जीबी रोजच वापराचं. रात्री बारा वाजले की उरलेलं जाते."

"जाते म्हंजे? कोण नेते?"

"कोणी नाई नेत. संपते."

"बाई, चोरी झाली तं चोराचं नाव तरी सांगा."

"चोरी नाई. प्लॅनच तसा असते."

"बरं, अठ्ठावीस दिवसांचं गेलं चुलीत. आजचं दोन तं असन?"

बाईंनी डबा खाली ठेवला. "पॅकच संपला, भाऊ. अठ्ठावीस दिवसांचा होता. दोन तारखेले टाकला, काल संपला."

"दुकानदार महिना म्हणे!"

"कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा."

इस्तारीभाऊ खाली बसले. साऱ्या जगाचा महिना तिसाचा नाहीतर एकतिसाचा, एकट्या फेब्रुवारीला लहान म्हणून सांभाळून घेतलेलं, आणि या लोकांच्या घरी बारमाही फेब्रुवारी! म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात गिऱ्हाइकानं तेरा वेळा रिचार्ज मारायचा. आणि नाव काय, तर अनलिमिटेड. तेही बाईंनी समजावलं. दिवसाचा वाटा संपला तरी नेट बंद पडत नाही, नुसतं रांगतं, म्हणून अनलिमिटेड. भाऊंना गावजेवणाची पंगत आठवली. पोटभर जेवा म्हणायचं, आणि दुसऱ्या वाढपापासून पानात एकेक शीत टाकत फिरायचं. असा वाढपी मोहबोडीत असता तर लोकांनी त्याला वरणात बसवला असता.

"डब्यात परत पैसे टाका न," हेमराज म्हणाला. "मी मारतो फोनवरून. डब्यातल्या सिमचा नंबर सांगा."

नंबर. नंबर खोक्यावर होता. खोकं भाऊंनी घरी नेलं होतं. हेमराज पळत गेला आणि गोकुळाबाईंनाच घेऊन आला. त्या नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, डोक्यावर रिकामी टोपली तशीच.

"ते खोकं?" त्या म्हणाल्या. "ते चुलीत घालून काल तुमचा चहा झाला."

चार वाजून वीस मिनिटं. सावलीला जावं, तर गोकुळाबाई त्याच खोदलेल्या रस्त्यानं दीड तास आदळत आल्या होत्या. मग सभासदांचे फोन गोळा केले. अकरा फोन, आणि त्या दिवशी नेमकी क्रिकेटची मॅच. हेमराजसकट अकराही जणांनी दुपारीच आपला वाटा संपवून टाकला होता. दोघांच्या फोनला जोडून बघितलं, तर ठरावाचं पहिलं पान अर्ध्यापर्यंत चढे, दम खाई आणि घसरून परत पायथ्याशी येई.

"हेच," इस्तारीभाऊ करवादले. "राखाची सवय नाई कोणाले!"

"अन् तुमी राखलं त्याचं काय झालं?" गोकुळाबाईंनी टोपली खाली ठेवली. "अठ्ठावीस दिवस मी ऐकून राह्यली, पेटी जड, पेटी जड. अवो, तलावातली मासोळी राखली तं वाढते, जिती असते म्हणून. हे नेट तलावातलं नोहे, माह्या टोपल्यातलं हाये. मेलेली मासोळी. सांजेपर्यंत विका, नाईतं खा, नाईतं सडते. बाजारात एक दिवस बसले असते तं समजलं असतं. पण तुमाले बाजाराची लाज!"

अध्यक्षांना असं बोलणारं मोहबोडीत दुसरं माणूस नव्हतं.

गोकुळाबाईंनी कमरेची पिशवी सोडून फोन काढला. "माह्यं आजचं शिल्लक हाये. दिवे लागाचे हायेत अजून."

दीड जीबी, अख्खं, त्याच दिवसाचं. संघप्रियाबाईंनी त्या फोनचा हॉटस्पॉट लावला. पण खोलीत टॉवरची एकच काडी, तीही कधी असे कधी नसे. बाहेर झाडीच झाडी.

"झाडं आड येऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "मोकळी जागा पाहिजे."

आता मोहबोडीत मोकळी जागा कुठे आहे, हे इस्तारी भोयरांना दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. ते उठले आणि चालू लागले.

चार पस्तीसला त्यांचा डोंगा तलावाच्या मध्यावर होता. लांबोडका, अरुंद, दोन माणसांना पुरणारा, आणि आत तिघं. संघप्रियाबाईंना पोहता येत नव्हतं. त्यांनी लॅपटॉप छातीशी धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. गोकुळाबाई फोन डोक्यावर धरून बसल्या, टोपली धरावी तशा. भाऊ वल्हवायचा बांबू तळात रोवून उभे, डोंगा तसूभर हलू न देता. चाळीस वर्षांत या पाण्यावर ते इतके स्थिर कधी उभे राहिले नव्हते.

"किती काड्या?" भाऊंनी विचारलं.

"चार." संघप्रियाबाईंनी डोळे उघडले. "फोन हलवू नका, गोकुळाबाई."

"मी नाई हलवून राह्यली. हे थरथरून राह्यले मागं."

"मी कायले थरथरतो?" भाऊ म्हणाले आणि बांबू आणखी खोल रोवला.

पाळीवर सगळे सभासद उभे. ठराव चढला. नकाशा चढला. सभासदांची यादी अडली, पुन्हा चढवली. चार एक्कावन्नला पडद्यावर पोच क्रमांक आला. संघप्रियाबाईंनी तो मोठ्यानं वाचला, एकेक आकडा, आणि दर आकड्याला पाळीवरून ओरड उठली. भाऊंनी मात्र पाठ फिरवली आणि बांबू उपसून डोंगा काठाकडे वळवला. अर्ज वेळेत पोचला होता. निदान अर्ज नाही म्हणून तलाव लिलावात जाणार नव्हता.

काठाला लागल्यावर गोकुळाबाई म्हणाल्या, "उरलं हाये बरंच. जाईन वाया."

"मंग?"

"मंग संपवा. बसा इथी."

आणि इस्तारी भोयर आयुष्यात पहिल्यांदा पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली राखणीच्या काठीशिवाय बसले. गोकुळाबाईंनी त्यांना हवं ते लावून दिलं: कोण्या दूरच्या मुलखातला माणूस, गॉगल लावून, मासोळी धरत होता.

भाऊंनी नाक मुरडलं. "पाहा याले. जाळं कसं फेकते? घोंगडं वाळू घालून राह्यला जसा." थोड्या वेळानं: "हाट! सोडली न मोठी!" आणि आणखी थोड्या वेळानं, गॉगलवाल्याकडे बघून जोरात खाकरले.

अंधार पडायला लागला तसे सभासद पांगले. गोकुळाबाईंनी फोनसाठी हात पुढे केला. लेकीचा फोन यायची वेळ झाली होती.

"थांब वो," इस्तारीभाऊ म्हणाले. "या येड्याचं एक अजून हाये."